पोटऱ्यांतला उजेड

"यापुढे मानवजातीला वीज कंपनीची गरज उरली नाही! उजेड माणसाच्या पोटऱ्यांत आहे," हॉलंडमधल्या हार्लेम गावी आपल्या दिवाणखान्यात उभ्या केलेल्या सायकलवरून वेसेलआजोबांनी जाहीर केलं.

"मग त्या पोटऱ्या हलवा की! ट्युलिपचा कंद समजून मी मघापासून लाकडाचा ढलपा सोलतेय," त्राइनआजी म्हणाली.

दुसऱ्या महायुद्धाचा शेवटचा हिवाळा होता; अन्न संपल्यानं लोक ट्युलिपचे कंद उकडून खात होते. गावाची वीज कधीच तुटली होती आणि आजोबा पायडल मारतील तेवढा वेळच डायनॅमोवरचा दिवा जळायचा. सायकलखालच्या जमिनीतल्या फळीखाली मात्र त्यांचा मुलगा सीत्से लपला होता. जर्मन सैनिक तरुणांना धरून कारखान्यांत जुंपायला नेत होते, आणि सायकली तर दिसतील तिथून उचलत होते.

दारावर बुटाची लाथ बसली. दार उघडलं. आजोबांचे पाय थिजले आणि खोलीत अंधार झाला.

"चालवा!" अंधारातून सैनिकाचा आवाज आला.

आजोबांनी पायडल मारलं. पाय लटपटत होते, म्हणून दिवाही लटपटत होता. सैनिकाची नजर सायकलवरून हलेना. ती उचलली की खालची फळी उघडी पडणार. तेवढ्यात फळीखाली सीत्से खोकला. आजी लगेच त्याच्या दुप्पट खोकली.

सैनिक पुढे आला. त्यानं बंदूक भिंतीला टेकवली, हातमोजा काढला आणि दिव्यासमोर बोट धरलं.

"आजोबा, जरा जोरात मारा ना. कुसळ गेलंय, दिसत नाहीय."