अज्ञात वाहन

अठ्ठ्याण्णव साली, वनजमिनीसाठी पेठ तालुक्यातली गावं एक करणारा बहिरू मोर्च्याच्या आदल्या दिवशी घाटात चिरडला गेला. बायको लंकाबाई सोबतच होती. ठाण्यात तिने सांगितलं, "साहेब, तुमचीच जीप व्हती. नंबर सांगते, लिहा."

साहेबाने 'अज्ञात वाहन' लिहिलं आणि फाईल बंद केली.

आमच्या डोंगरात माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड उभा करतात, त्यावर घोडेस्वार कोरतात. बहिरूचा दगड लंकाबाईने ठाण्यासमोरच्या स्वतःच्या शेताच्या बांधावर उभा केला. साहेबाला बढती मिळाली, तो बदलून गेला. दगड तिथेच आहे.



त्यावर घोड्याऐवजी जीप कोरली आहे. नंबरासकट.