बांधालगतचं पाणी

माझ्या सासूबाई धोंडुबाई यांच्या तेराव्याची पंगत बसली होती, आणि वाढता वाढता त्यांच्याच गोष्टी चालल्या होत्या. पेणच्या खाडीत होडी उलटली तेव्हा त्यांनी तिघांना केसांना धरून ओढून काढलं. विशीत असताना खाडीचा बांध फुटला, तर त्या भगदाडात आडव्या पडल्या आणि बायांनी त्यांच्या पाठीशी चिखल लोटला. “दर अवसेला शेताचं पाणी चाखायची म्हातारी,” रोह्याहून आलेली नणंद मालू म्हणाली. “आज अवस हाय, आता कोण चाखणार गो?” “मोबाइलवर कळतं आत्या. उधाणाची भरती दीडला हाय,” पुतण्या प्रणित म्हणाला. सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझा अळणीचा उपास होता, जेवायचं नव्हतं, म्हणून नुकताच मी त्यांच्या नावाने बांधालगतच्या भातखाचरातून तांब्या भरून आणला होता. पावसाचं ते पाणी गोडं असायला हवं, खारट लागलं. बांध आतून पाझरत होता, आम्ही सगळे त्याच्याच पायथ्याशी मंडपात बसलो होतो, आणि सव्वा वाजला होता. तेराव्याच्या पानावरून माणसाला उठवणं मोठं पाप. देवाची क्षमा मागून मी थोरल्या दिरांपुढे तांब्या धरला. त्यांचा जन्म मिठागरात गेलेला. “भावजी, एवढं चाखा.” “आता? जेवताना?” “व्हय, आताच.” त्यांनी डाव्या हाताचं बोट बुडवून जिभेला लावलं, बांधाकडे पाहिलं, आणि हातातला घास पानात टाकून ते उठले. त्यांच्यामागे एकेक बाई पोर कडेवर घेऊ लागली.