दोन नंबरचा आवाज

"हा मी!" ओरेस्तेनं टेबलावर थाप मारली. "एक नंबर मी. आवाज बघा कसा, घंटेसारखा! हं, आता दुसरा लाव."

स्टुडिओतल्या काचेच्या अलीकडे तिघंच होती. ओरेस्ते, त्याचा शिष्य सावेरिओ आणि डबिंगची दिग्दर्शिका लोरेदाना.

अंतराळातल्या त्या चित्रपटमालिकेतला म्हातारा तलवारगुरू इटालियनमध्ये बोलायचा तो ओरेस्तेच्या गळ्यातून. रोममध्ये पडद्यावरच्या माणसाचा आवाज बदलला तर लोक तिकीटखिडकीशी भांडतात. त्यामुळे ही भूमिका मरेपर्यंत आपलीच, असं तो धरून चालला होता. तेवढ्यात परदेशातल्या निर्मात्यांचा निरोप आला, गुरूचा आवाज थकलाय, पुन्हा चाचण्या घ्या. नावं सांगू नका, नुसते नंबर द्या. स्वतःच्याच भूमिकेसाठी चाचणी! ओरेस्तेनं चरफडत तीही दिली. लोरेदानानं नंबर घातले, कुठला कुणाचा ते कुणाला सांगितलं नाही. शेवटी दोन आवाज उरले, ओरेस्तेचा आणि सावेरिओचा. यातला कुठला ते तुमचं तुम्हीच ठरवा, असं वरून कळवलं.

आता बोला! सावेरिओला या धंद्यात आणलं ओरेस्तेनं. श्वास कुठं घ्यायचा, पडद्यावरचे ओठ मिटताना शब्द कसा मिटवायचा, सगळं त्यानं शिकवलं. पडद्यावरच्या गुरूच्या शिष्याला आवाज द्यायचं कामही त्यानंच मिळवून दिलं. आणि झालं काय? खालच्या कॉफीबारमध्ये पोरी सावेरिओच्या भोवती. "शिष्याचं ते वाक्य म्हण ना, एकदाच!" गुरूचं वाक्य कुणी मागेना. ओरेस्ते उभ्याउभ्या कॉफी घशात ओतून चालू पडायचा. जळायचा तो, सरळ सांगायचं तर. पोरगं वेळेवर येत नाही, असं त्यानं एकदोन दिग्दर्शकांच्या कानातही सोडलं होतं. मागच्या भागात पडद्यावरचा शिष्य मेला तेव्हा त्याला कोण आनंद झाला! पण शिष्य मेला म्हणून सावेरिओ मोकळा झाला आणि थेट गुरूच्या जागेवरच येऊन बसला.

लोरेदानानं दोन नंबर लावला. वाक्य तेच होतं. "तुला शिकवण्यासारखं माझ्याजवळ आता काही उरलं नाही."

ओरेस्ते खदखदून हसला.

"अरे देवा! सावेरिओ, म्हातारपण म्हणजे दमा वाटला का रे तुला? गुरू आहे तो, चार जिने चढून आलेला पोस्टमन नव्हे! वाक्याच्या मधेच धाप? हेच शिकवलं मी? माझी नक्कलच करायची तर धड तरी करायचीस."

लोरेदानानं तोंड उघडलं, पण सावेरिओ आधी बोलला.

"चुकलंच, माएस्त्रो. वय दाखवायला गेलो आणि तोंडावर पडलो."

"पडणारच! गळा दिला देवानं, अक्कल द्यायची राहिली."

"म्हणजे गुरू ओरेस्ते?" लोरेदानानं सावेरिओलाच विचारलं.

"ओरेस्तेच," तो म्हणाला.

"मग उभे राहा, ओरेस्ते. पहिलं वाक्य घेऊनच टाकू."

ओरेस्ते पोट आत घेऊन काचेपलीकडे गेला. लाल दिवा लागला. त्यानं वाक्य म्हटलं. फक्कड झालं, असं त्याला वाटलं.

"ऐकव."

हेडफोनमधून आवाज आला. "तुला शिकवण्यासारखं माझ्याजवळ..." आणि धाप. मग उरलेलं वाक्य.

"परत लाव."

परत तीच धाप, त्याच जागी.

ओरेस्तेनं हेडफोन कानांवर दाबले. हा तर दोन नंबर! मघाशी ज्याची टिंगल केली तो पोस्टमन आपणच. इतकी वर्षं कानात जपून ठेवलेला आपला तरणा आवाज त्याला एक नंबरमध्ये, सावेरिओच्या गळ्यात ऐकू आला होता, आणि त्यानं तो खुशाल आपला म्हणून उचलला होता.

त्यानं काचेतून पाहिलं. सावेरिओ मान खाली घालून बसला होता. खांदे पडलेले, हात गुडघ्यांत. भूमिका हरलेला माणूस बसतो तसा, तंतोतंत. एक रेघ जास्त नाही, एक रेघ कमी नाही. आवाज गेला, ते ओरेस्तेनं एक वेळ गिळलं असतं. पण हे? असा अभिनय उभ्या जन्मात त्याला स्वतःला साधला नव्हता.

त्यानं हेडफोन काढून आपटले.

"लोरेदाना, त्या चोराला आत पाठव! माझ्या तोंडावर इतकं सुंदर खोटं बोलतो आणि मला पत्ता लागत नाही? गुरूचं काम त्यालाच दे." मग त्यानं माईकसमोरची जागा सोडली आणि बाजूला सरकून उभा राहिला. "आणि त्याला म्हणावं, हे कसं केलंस ते मला शिकव. शिकल्याशिवाय मी घरी जात नाही."