बस अडवली तो दिवस

“एकदा बसलीस की उठायचं नाही, वहिनी,” नणंद म्हणाली. “पोलीस ओढायला लागले की अंग सैल सोडायचं. जड व्हायचं.”

“मला जमेल?”

“लॉन्ड्रीत दिवसभर ओल्या चादरी उपसतेस. तुला न जमायला काय झालं?”

बंदीगृहाच्या लोखंडी गेटासमोर माणसं दाटीवाटीनं, हातात हात अडकवून डांबरावर बसली होती. वहिनी, घरातली धाकटी सून, दुसऱ्या रांगेत होती. आयुष्यात ती पहिल्यांदाच अशी चारचौघांत रस्त्यावर बसली होती, आणि पदर कुठे खोचावा हेही तिला सुचत नव्हतं.

तिच्या नवऱ्याला बेकरीतून उचललं होतं. भट्टीतला पाव बाहेर काढू द्या, असं तो म्हणत राहिला. कुणी ऐकलं नाही. सगळा घाणा जळून कोळसा झाला, असं मालक नंतर सांगत होता. या देशात राहायचे कागद नवऱ्याकडे नव्हते. तिच्याकडेही नव्हते. म्हणूनच काल संध्याकाळी घरात वाद पेटला.

मोठे दीर घरं रंगवायची कामं करत. नखांतला रंग खरवडत ते म्हणाले, “रस्ता अडवून काय होणार? लोक उलट आपल्यावरच चिडतात. टीव्हीवर बघा, एक काच फुटली की आठवडाभर तेवढीच दाखवतात. वकीलबाईंनी तातडीचा अर्ज केलाय. गप्प बसा.”

“गप्प बसून काय मिळालं, दादा?” नणंद उसळली. “पलीकडच्या गल्लीतला शिंपी गप्पच बसला होता. कुठंय तो आता? दर गुरुवारी विमानतळाची बस निघते. उद्या गुरुवार. अर्जावर कुणाची नजर पडेपर्यंत भाऊ विमानात असेल.”

“आणि हिला उचललं तर? पोरीला कोण बघणार?”

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. ती पोरीच्या शाळेच्या कपड्यांना इस्त्री करत होती, ती करतच राहिली. वकीलबाईंचं बोलणं तिच्या डोक्यात घोळत होतं. ‘सुनावणी कधी लागेल सांगता येत नाही. आज लागेल, महिन्यानं लागेल. आशा ठेवा, पण बेतानं ठेवा.’

सकाळी तिनं पोरीच्या वेण्या घट्ट घातल्या, तिला शाळेत सोडलं आणि नणंदेबरोबर निघाली. फोन दोघींनी घरीच ठेवले. पकडलं गेलं तर त्यातली नावं पोलिसांच्या हाती लागायला नकोत. दीर दारात उभे होते. त्यांनी अडवलं नाही. नुसतं “जपून” म्हणाले.

गेटासमोर गाड्यांची रांग लागली. एका गाडीतून माणूस उतरला. “अहो, मलाही नोकरी आहे! माझं काय चुकलं?”

“माझ्या भावाचं काय चुकलं?” नणंदेनं विचारलं.

मग गाडीत बसून त्यानं हॉर्नवर हात दाबून धरला.

तेवढ्यात गेट उघडलं. बस बाहेर आली आणि पहिल्या रांगेपासून हातभरावर करकचून थांबली. काचांना जाळी होती. जाळीआड तिला नवरा दिसला. दाढी वाढलेली, गाल बसलेले. त्यालाही ती दिसली.

तो उठून उभा राहिला आणि बेड्या घातलेल्या दोन्ही हातांनी काच बडवायला लागला. काहीतरी ओरडत होता. ऐकू काहीच येत नव्हतं. मग तो हातांनी खुणा करायला लागला. सरक. बाजूला हो. पुन्हा पुन्हा तेच.

हा माणूस साधा रस्ता ओलांडतानाही तिचा दंड धरायचा. आताही त्याला स्वतःची नाही, तिची काळजी पडली होती.

“घाबरू नका!” ती जिवाच्या आकांतानं ओरडली. “मी उठणार नाही!”

कर्ण्यावरून इशारे झाले. मग ओढाओढी सुरू झाली. पहिली रांग उचलून बाजूला टाकली, तशी दुसरी पुढे सरकली. दोघा पोलिसांनी धाकटीच्या काखेत हात घातले. ती जड झाली. खांद्यातून कळ निघाली, बाही उसवली, चप्पल कुठल्या कुठे गेली. बाजूच्या म्हातारीनं तिची कंबर धरून ठेवली, म्हातारीला आणखी कुणी धरलं. खुणा करता करता नवऱ्याचे हात खाली आले. काचेला कपाळ टेकून तो रडत होता. त्याला रडताना तिनं कधीच पाहिलं नव्हतं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा बसनं मागचा दिवा लावला. ती हळूहळू उलटी सरकत आत गेली आणि गेट बंद झालं.

एकच जल्लोष झाला. नणंदेनं वहिनीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. “आज कुणी गेलं नाही! बघितलंस? एकसुद्धा नाही!”

धाकटी हसली, आणि हसताना तिला हुंदका आला. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, अशी ती घरापर्यंत चालत आली.

घराच्या पायरीवर वकीलबाई बसल्या होत्या. काळा कोट घडी करून मांडीवर ठेवलेला. शेजारी मोठे दीर. त्यांनी मान वर केली नाही.

“वकीलबाई, कळलं का?” नणंद लांबूनच ओरडली. “बस परत पाठवली आम्ही!”

“सकाळपासून फोन लावतेय तुम्हाला,” वकीलबाई म्हणाल्या. “तातडीच्या अर्जाची कोर्टानं दखल घेतली होती. आज सकाळीच सुनावणी लागली. न्यायाधीश म्हणाले, त्या माणसाला माझ्यासमोर उभं करा, मुलीबद्दल दोन प्रश्न विचारतो आणि घरी सोडतो. बराच वेळ थांबले ते. शेवटी गैरहजर म्हणून अर्ज फेटाळला. विमानतळाची बस संध्याकाळी निघतेय.”

“पण ह्यांना कोर्टात आणलं का नाही?” धाकटीनं विचारलं.

वकीलबाईंनी तिच्या उसवलेल्या बाहीकडे पाहिलं.

“आणत होते,” त्या म्हणाल्या. “गेटापर्यंत आली होती त्यांची बस.”