गळ्यातलं जाकीट

“हिरालाल, तू आधी निवड,” म्हणत नीळकंठरावांनी हवेची दोन्ही जाकिटं खडकावर ठेवली, तेव्हा तेजरामने तोंड फिरवलं.

बालाघाटजवळच्या भरवेलीच्या पलीकडे एका कंत्राटदाराची मँगनीजची जुनी खाण होती. बंद पडल्यापासून ती पाण्याने भरली होती आणि तळाशी एक पंप अडकला होता. तो वर ओढून काढायला त्याला साखळी बांधायची होती. तेजराम आणि हिरालाल साडू. दोघेही वैनगंगेत बुड्या मारत वाढलेले. नौदलातून निवृत्त होऊन बालाघाटला परतलेल्या नीळकंठरावांनी त्यांना पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवलं होतं. पण तळाचं काम त्यांनी हिरालालला दिलं. तेजरामने अर्ध्या खोलीवर दोर धरून थांबायचं. सासरीही हेच. जावई म्हणून हिरालाल मागून आला, पण जेवायला बसताना सासू पाट आधी त्याचा मांडायची.

“हे गळ्यात घालायचं, जुन्या पद्धतीचं,” नीळकंठराव सांगत होते. “फुगलं की छातीवर ओझं होतं, हात अडतात. पण माणूस बेशुद्ध पडला तरी तोंड आभाळाकडे राहतं. हे पाठीवरचं, नवीन. पुढून मोकळं, कामाला उत्तम. फक्त दमलेल्या माणसाला हे वर आल्यावर पालथं पाडतं. वर आलात की लगेच उताणं व्हायचं, विसरायचं नाही.”

हिरालालने मागे पाहिलं. त्याची बायको अनुसया डबा घेऊन आली होती आणि जड अंगाने दगडावर टेकली होती. तिला सातवा महिना होता.

“मले गळ्यातलं द्या, सर,” तो म्हणाला.

“मले बी तेच पायजे,” तेजराम म्हणाला. “पाठीवरचं माह्या अंगाले बसत नाई.”

त्याने पाठीवरचं उचलूनही पाहिलं नव्हतं. हिरालालने ते मागितलं असतं तर तेजरामलाही तेच हवं झालं असतं.

“अरे, तू मध्येच थांबणार. तुला कशाला...” नीळकंठरावांच्या कपाळाला आठी पडली.

“राहू द्या, सर. भाऊले घेऊ द्या.” हिरालालने ते जाकीट स्वतःच्या हाताने तेजरामच्या गळ्यात घातलं, पट्टाही सरळ करून दिला आणि स्वतः पाठीवरचं चढवलं. तो भांडला असता तर तेजरामला बरं वाटलं असतं.

पाणी बर्फासारखं गार होतं आणि काचेसारखं स्वच्छ. हिरालाल खाली उतरत दिसेनासा झाला. तेजराम दोर धरून थांबला. बऱ्याच वेळाने दोराला ठरलेला झटका बसला. साखळी पंपाला बांधून झाली होती. तेजराम वर आला, जाकीट फुगवलं, आणि त्या जाकिटाने त्याला अलगद तोलून धरलं.

काठावर त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. मजूर, नीळकंठराव, सगळे खालून येणारे बुडबुडे पाहत होते.

“भाऊजी, हे कुठी राह्यले?” अनुसयाने विचारलं.

“येऊन राह्यला.”

थोड्या वेळात तेजरामपासून काही हातांवर हिरालालची पाठ पाण्यावर आली. “आला, आला,” काठावरचे म्हणाले. पंपाला साखळी बसली म्हणून ते एकमेकांशी बोलू लागले. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, गडी पाण्यात पाहतो आहे. पण तेजराम जवळ होता. हिरालालच्या तोंडातली नळी सुटून बाजूला तरंगत होती. हात लोंबत होते.

ओरडायला हवं होतं, हे तेजरामला कळत होतं. तो ओरडला नाही. याला मारावं असं त्याच्या मनात मुळीच नव्हतं. पण एकदा तरी याची फजिती व्हावी, एकदा तरी हे सगळ्यांना दिसावं, एवढं त्याला वाटलं, आणि तेवढं वाटेपर्यंत तो जागचा हलला नाही.

मग त्याने हात मारले. हिरालालला उताणं केलं, त्याची मान आपल्या खांद्यावर घेतली आणि काठाकडे ओढत नेलं.

हिरालाल पाणी ओकला, खोकला, पुन्हा ओकला आणि मग श्वास घेऊ लागला. अनुसयाने ओल्या खडकावर गुडघे टेकून तेजरामचे पाय धरले. “भाऊजी, तुमी नसते तर...” मजुरांनी त्याच्या भोवती कोंडाळं केलं. कोणीतरी त्याच्या अंगावर कोरडं घोंगडं टाकलं. नीळकंठरावांनी खांदा घट्ट दाबला. “शाबास, तेजराम. तू होतास म्हणून हा दिसतो आहे.” किती वर्षांत कोणी असं म्हटलं नव्हतं. तेजरामला ते गोड लागलं. त्याला हसूही आलं.

हिरालालने बोटाने त्याला जवळ बोलावलं. तेजराम वाकला.

“भाऊ, पायात गोळे आलते, हातात जीव नव्हता,” हिरालालचा आवाज जेमतेम निघत होता. “वळताच येत नव्हतं मले. पण पाण्यातला चष्मा होता डोळ्यावर.”

“हौ.”

“पाणी साफ होतं. तुहे पाय दिसून राह्यलते.” तो थांबला, दम घेतला. “बराच वेळ हललेच नाई.”

तेजराम वाकलेलाच राहिला.

“काय म्हणून राह्यले हे?” अनुसयाने डोळे पुसत विचारलं.

“काई नाई,” हिरालाल म्हणाला. “भाऊ गारठला. त्याले चहा दे.”