सुगंधाची जाळी

“दार आपटू नका. नुसतं टेकवा,” वकीलसाहेब म्हणाले.

गाडी बघायला आलेल्या दातांच्या डॉक्टरबाईंनी मागचं दार दोन बोटांनी टेकवलं आणि हात काढून घेतला. आतल्या मोटरने ते अलगद ओढून घेतलं आणि लावून टाकलं. बाई दचकल्या नाहीत. वकीलसाहेबांना ते आवडलं नाही.

काही गिऱ्हाइकं या दारातच गारद झाली होती. एकाने ते धाडकन आपटलं. दुसऱ्याने गाडी लिटरला किती देते ते विचारलं. त्याला पाणीसुद्धा मिळालं नाही. वकीलसाहेबांचा नियम साधा होता. या जुन्या शाही गाडीच्या पोटात दडलेल्या करामती ज्याला कळतात, त्यालाच ती मिळणार. म्हणून ते प्रत्येकाची उलटतपासणी घेत. वकिली सुटली होती, पण समोरच्याला तोंडघशी पाडायची हौस काही निवृत्त झाली नव्हती.

खरं तर त्यांना गाडी विकायचीच नव्हती. गॅरेज हवं होतं त्यांच्या बायकोला. ती लोकांचे गुडघे आणि पाठी बऱ्या करायची, आणि तिचा दवाखाना होता दुसऱ्या मजल्यावर. जिना चढू शकेल त्याला तिची गरज नसे आणि गरज असे त्याला जिना चढवत नसे. पेशंट निम्म्यावर आले होते. तळमजल्यावर मात्र ऐसपैस जागेत गाडी आराम करत होती. घरात बरीच धुसफूस झाली, तेव्हा वकीलसाहेबांनी शब्द दिला: लायक माणूस मिळाला की त्याच दिवशी किल्ली त्याच्या हातात. लायक कोण, हे ठरवायचा अधिकार तेवढा त्यांनी स्वतःकडे ठेवला.

आता बायको मापाची टेप घेऊन गॅरेजची मागची भिंत मोजत होती. मधे गाडी उभी आहे, हे जणू तिला दिसतच नव्हतं.

“वायपर एकच का?” वकीलसाहेबांनी डॉक्टरबाईंना विचारलं.

“एकच पुरतो. कोपऱ्याकडे जाताना लांब होतो, मधे आखडतो. काचेचा कोपरा पुसायचा राहत नाही.”

“मागच्या सीटवर डोकं टेकायच्या उशा?”

“पुढचं बटण दाबलं की खाली पडतात. गाडी मागे घेताना मागची काच मोकळी दिसावी म्हणून.”

“सीट पुढेमागे करायची असेल तर?”

“दारावर सीटच्याच आकाराचं छोटं बटण आहे. ते जसं ढकलाल तशी सीट हलते. अंधारातसुद्धा चुकायला नको.”

बाई तयारीनिशी आल्या होत्या. पण हुकमाचं पान अजून वकीलसाहेबांच्या हातात होतं. ते ड्रायव्हरच्या बाजूच्या उघड्या दारातून आत वाकले आणि स्टिअरिंगशेजारच्या, बोटाच्या पेराएवढ्या जाळीवर त्यांनी टिचकी मारली.

“आणि ही?”

या प्रश्नाला आजवर कुणी पास झालं नव्हतं. होणं शक्यच नव्हतं. जाळी कशासाठी आहे, ते खुद्द वकीलसाहेबांना ठाऊक नव्हतं. कधीतरी एका पाहुण्याने विचारलं, तेव्हा ‘माहीत नाही’ म्हणणं त्यांच्या जिवावर आलं आणि त्यांनी ठोकून दिलं, की आत अत्तराचा बोळा ठेवतात, मंद सुगंध मागच्या सीटपर्यंत पोचतो. तेव्हापासून पाहुणे यायचे असले की ते नखाने जाळी उचकटून आत बोळा कोंबत. वास कुणालाच येत नसे. “फार उंची आहे, सगळ्यांना जाणवत नाही,” असं ते म्हणत. मग पाहुणे घाईघाईने नाक वर करून माना डोलवत.

डॉक्टरबाईंनी जाळीकडे पाहिलं. मग वकीलसाहेबांकडे पाहिलं.

“सुगंधाची जाळी,” त्या म्हणाल्या. “आत अत्तराचा बोळा ठेवायचा. मंद वास मागच्या सीटपर्यंत पोचतो. फार उंची असतो, सगळ्यांना जाणवत नाही.”

वकीलसाहेब वाकलेलेच राहिले. ही माहिती जगातल्या कुठल्याही पुस्तकात नव्हती. ती फक्त त्यांच्या तोंडातून निघाली होती, आणि दरवेळी शेजारी बसून ती ऐकणारी व्यक्ती एकच होती. त्यांनी मान वळवली. बायको शांतपणे टेप गुंडाळत होती.

“का हो, चुकलं का त्यांचं?” तिने विचारलं.

चुकलं म्हणावं, तर बरोबर काय ते सांगावं लागणार. ते माहीत नाही म्हणावं, तर इतकी वर्षं लोकांना काय हुंगायला लावलं, तेही सांगावं लागणार. वकीलसाहेबांनी आयुष्यभर साक्षीदारांना असं कोंडीत पकडलं होतं. आत उभं राहून ती जागा कशी दिसते, हे मात्र ते पहिल्यांदाच बघत होते.

“बरोबर,” ते म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, “अगदी बरोबर.” आणि त्यांनी किल्ली पुढे केली.

डॉक्टरबाई ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या. पर्समधून त्यांनी बारीक चिमटा काढला, जाळी उचकटली आणि किडक्या दाढेतून काढावेत तसे काळपट बोळे एकामागून एक ओढून काढायला सुरुवात केली.

“अहो, हे काय करताय?”

“साफ करतेय. ही तापमान मोजायची जाळी आहे, वकीलसाहेब. आत इवलासा पंखा असतो. तो गाडीतली हवा आत ओढतो, बाहेर सोडत नाही.”

“तुम्हाला हे माहीत होतं? मग मघाशी...”

“वहिनींनी फोनवरच बजावलं होतं,” चिमट्यातला बोळा त्यांच्या तळहातावर ठेवत डॉक्टरबाई म्हणाल्या, “खरं उत्तर देणारे सगळे नापास झालेत.”