रविवारचे बाप

आंबा घाट निम्मा उतरला तसे तान्ह्या मुलीचे ओठ निळसर पडले. निनादनं गाडी तिथंच वळवली. माथ्यावर आल्यावर पोर काही झालंच नाही अशी खुदकन हसली.

"आई, हिची लस घाटावरची आहे," शलाका मागच्या सीटवरच्या सासूबाईंना म्हणाली. "मी तेव्हाच सांगत होते."

हल्लीच निघालेली, जन्मताच टोचायची ही लस त्या मुलखाचं हवापाणी अंगात असं भिनवायची, की जन्मभर साधं पडसं होत नसे. परमुलूख मात्र सोसत नसे. म्हणून तर शलाकानं घाटाखाली देवरुखला, सासरी बाळंत व्हायचं म्हटलं होतं. पण पहिलं बाळंतपण माहेरीच, ही रीत सासूबाईंनी मोडू दिली नाही. आणि माहेर पडलं बार्शीला.

सासूबाईंच्या मांडीवर ओवाळून टाकायचा भाकरतुकडा होता. "असू दे गो. हिला बार्शीला आजीकडे ठेव. दुसरं आपल्याकडे होऊ दे."

"मग ही दोघं भावंडं भेटणार कुठं?"

सासूबाई भाकरतुकडा फडक्यात गुंडाळू लागल्या. शलाका नवऱ्याकडे वळली. "तूच ये ना बार्शीला."

"आईला एकटं टाकून?"

"हिलाही आई आहे," म्हणत ती लेकीला घेऊन उतरली.

समोरच्या चहाच्या टपरीवाल्यानं काही न विचारता बाकावर जागा करून दिली. मग तो निनादला म्हणाला, "रविवारी या, साहेब. खालचे बाप सगळे रविवारीच येतात इथं, पोरांना भेटायला."